ग्रीक तेवढे विचारवंत आणि इजिप्शियन सगळे मांत्रिक? किती दिवस हेच ऐकायचं?

काठावरचा:
काल इथे एक पोस्ट फिरत होती. "ग्रीकांकडे तर्क होता, इजिप्तकडे जादूटोणा, आणि रोमन काळात इजिप्तच्या पुजाऱ्यांनी चांगल्या ग्रीकांनाही नादी लावलं." खाली नुसते अंगठे आणि "क्या बात". कमेंटमध्ये मावणार नाही म्हणून वेगळं लिहितोय.

अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीत इ.स.पू. ४०० च्या आसपासची शिशाची बाहुली सापडलीये. चिमुकली, हात पाठीमागे बांधलेले, शिशाच्याच छोट्या पेटीत निजवलेली. पायावर नाव कोरलंय, म्नेसिमाखोस. पेटीच्या झाकणावर आणखी नावं, आणि शेवटी 'याच्या बाजूने जो कोणी बोलेल किंवा साक्ष देईल तोही'. म्हणजे कोर्टकेस होती! सॉक्रेटिसला विष दिलं तोच काळ, तेच शहर, आणि लोक तारखेला जायच्या आधी विरुद्ध पक्षाच्या माणसाची बाहुली मढ्याशेजारी पुरतायत. हे शिकवायला कुठला इजिप्शियन पुजारी आला होता? शाप कोरलेले शिशाचे पत्रे आजवर दीड हजाराच्या वर मिळालेत, आणि सगळ्यात जुने सिसिलीतल्या ग्रीक वसाहतींमधले आहेत.

आता इजिप्त. कर्नाकच्या अमुन-रा मंदिरात सूर्याचा शत्रू अपोफिस, त्याचा मेणाचा साप करायचे, त्यावर हिरव्या शाईने नाव लिहायचे, थुंकायचे, डाव्या पायाने तुडवायचे आणि विस्तवात टाकायचे. हे मंदिराचं नित्यकर्म, नेमलेला पुजारी ते करणार आणि त्याची पोथीसुद्धा आहे. तिसऱ्या रामसेसच्या खुनाचा कट रचणाऱ्यांनी पण मेणाच्याच बाहुल्या केल्या, आणि कोर्टाच्या कागदात लिहिलंय की त्यासाठीची पोथी राजाच्याच संग्रहातली होती. त्यांना शिक्षा झाली ती राजद्रोहाची. तेच मेण, तेच मंत्र, मग मंदिरातला तो धर्म आणि कटातली ती जादू, ही रेघ नेमकी कुठे मारायची ते सांगा.

तर्कनिष्ठ_मिरज:
ती पोस्ट माझी नाही, पण मला पटली होती, म्हणून उत्तर देतो. बाहुल्या सगळीकडे असतात हो. प्रश्न हा आहे की त्याविरुद्ध उभं कोण राहिलं. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरचा तो 'पवित्र रोगा'वरचा ग्रंथ घ्या, इ.स.पू. ५ वं शतक. फेफरं हा इतर आजारांइतकाच आजार आहे, मेंदूतून येतो, आणि मंत्र-शुद्धी करणारे आपलं अज्ञान झाकायला देवाचं नाव घेतात असं सरळ लिहिलंय. इजिप्तमध्ये असं कुणी लिहिलेलं दाखवा.

माझ्या चुलतभावाला लहानपणापासून फिट यायच्या. घरच्यांनी सातवी होईपर्यंत गंडेदोरे केले, अमावास्येला नारळ उतरवले, एका बाबाने तर चटके दिले. गोळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात फरक पडला, पण तोपर्यंत शाळा सुटली ती सुटलीच. आज चाळिशीत तो दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो. त्यामुळे 'रेघ कुठे मारायची' हा प्रश्न मला पुस्तकी वाटतो. ज्याने अडीच हजार वर्षांपूर्वी रेघ मारली त्याचे पाय धरायला मी तयार आहे.

काठावरचा:
भावाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तोच ग्रंथ पुढे वाचा ना. तोच लेखक म्हणतो की देव माणसाला विटाळत नाही, उलट शुद्ध करतो, आणि देवळात शिरताना आपण पाणी शिंपडतो ते त्यासाठीच. म्हणजे त्याचा देवावर विश्वास आहे, त्याला चीड आहे ती धंदेवाल्यांची. आणि प्लेटोने 'कायदे' या ग्रंथात मंत्राने इजा करणाऱ्या व्यावसायिक मांत्रिकाला मृत्युदंड सांगितलाय, तिथेच दारात, तिठ्यावर आणि थडग्यांवर ठेवलेल्या मेणाच्या बाहुल्यांचा उल्लेख आहे. रस्तोरस्ती ते चालू नसतं तर कायदा कशाला सुचवला असता?

निळीशाई:
तुम्ही दोघं शाप आणि शिक्षेतच अडकलात. जादूची दुसरी बाजू प्रेमाची पण आहे. लूव्हरमध्ये इजिप्तमधली मातीची बाहुली आहे, इ.स. ३ऱ्या-४थ्या शतकातली, सोबत शिशाचा पत्रा. सारापाम्मोन नावाच्या माणसाला प्तोलेमाइस नावाची मुलगी हवी होती, त्यासाठी केलेली. पॅरिसला गेले होते तेव्हा बघितली, डोळ्यात पाणी आलं. इतक्या वर्षांनी दोघांची नावं एकत्र राहिली.

मीरा_डोंबिवली:
प्रेमाची??? ताई, पत्र्यावर काय लिहिलंय ते वाचलंत का? ती बाहुली गुडघ्यावर बसवलेली आहे, हात मागे बांधलेत, आणि अंगात तेरा सुया खुपसल्यात. ही कृती इजिप्तमधल्या, आता पॅरिसमध्येच असलेल्या मोठ्या जादूच्या पोथीत जवळपास जशीच्या तशी आहे, डोक्यात एक, कानात दोन, डोळ्यांत दोन, तोंडात एक, असं करत तळपायापर्यंत, आणि प्रत्येक सुईला म्हणायचं की हिला माझ्याशिवाय कुणी आठवू नये. पत्र्यावर अवेळी मेलेल्या माणसाच्या भुताला हुकूम आहे, हिला खाऊ देऊ नको, पिऊ देऊ नको, झोपू देऊ नको, केसांना धरून, आतड्यांना धरून ओढत आण. नाव एकत्र राहिलं म्हणे! तिला विचारलं होतं का कुणी?

मी कॉलेजला असताना एका मुलाने माझं नाव लिहिलेला कागद आणि लिंबू आमच्या जिन्यात ठेवलं होतं. लोक हसले, "बिचारा प्रेमात पडलाय" म्हणाले. मी वर्षभर त्या जिन्याने एकटी गेले नाही. त्यामुळे असल्या गोष्टीला प्रेम म्हटलेलं मला सहन होत नाही, क्षमस्व.

निळीशाई:
एवढं अंगावर येण्यासारखं मी काही बोलले नाही. ते ठरलेले शब्द आहेत, पोथीतून उतरवलेले, त्या माणसाच्या मनात तेच होतं असं कशावरून? आणि बायकांनी पण केलंय हे. हेराइस नावाच्या बाईने सारापियास नावाच्या बाईसाठी केलेला मंत्र इजिप्तमध्येच मिळालाय.

मीरा_डोंबिवली:
हो, मिळालाय. ठीक, बायकाही होत्या, हे मान्य. पण असे जे मंत्र हाती आलेत त्यात बहुतेक पुरुषांनी बाईसाठी केलेले आहेत, ते एका हेराइसने झाकलं जात नाही. आणि शब्द पोथीतले असले तरी सुया त्याने स्वतःच्या नाहीतर भाड्याच्या हाताने खुपसल्यात.

तर्कनिष्ठ_मिरज:
बघा, मीराताईंनीच माझा मुद्दा मांडला. अपोफिसचा साप जाळला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे जित्याजागत्या बाईला भीती घातली जातेय. रेघ आहे, आणि ती दुसऱ्याच्या मर्जीची आहे.

काठावरचा:
ही रेघ मला आवडली. पण ती आपली आहे, त्यांची नाही. त्यांच्याकडे रेघ मारली सत्तेने. इ.स. १९९ मध्ये इजिप्तच्या रोमन सुभेदाराने हुकूम काढला की देवाच्या नावाने लेखी उत्तरं द्यायची नाहीत, मूर्ती मिरवणुकीत नेऊन कौल घ्यायचा नाही, मोडेल त्याला मृत्युदंड. शेकडो वर्षं देवळाच्या दारात उजळ माथ्याने चाललेला कौल एका कागदाने गुन्हा झाला. त्यात कुणाची मर्जी मोडली होती?

तर्कनिष्ठ_मिरज:
बरं. इजिप्तने ग्रीकांना बिघडवलं हे त्या पोस्टमधलं वाक्य चुकीचं आहे, ती म्नेसिमाखोसची पेटी आहे म्हणून म्हणतो, तुमच्या आग्रहाखातर नाही. पण तो सुभेदार मला वाईट वाटत नाही. आमच्या गल्लीत तसा एक जण वेळेवर आला असता तर बरं झालं असतं.

मीरा_डोंबिवली:
सुभेदाराचा हुकूम १९९ चा आणि प्तोलेमाइसच्या बाहुलीत सुया खुपसल्या त्या त्यानंतर. तिच्यापर्यंत तो हुकूम पोचला नाही. त्याने कौल बंद केले, मला वाटतं, कौलातून लोक सत्तेबद्दल काहीही विचारू शकत होते म्हणून. जिन्यातल्या लिंबाची काळजी कुठल्याच सुभेदाराला नसते.