कावी भित्तिचित्राच्या फोटोखाली पोरांनी काय लिहावं?

प्रश्न: फोंड्याला नववीला शिकवते. पोरांचं ऑनलाइन संग्रहालय चाललंय. मोरजाईच्या देवळातल्या कावी चित्राखाली एकाने लिहिलंय, ‘आपली थोर संस्कृती दर्शवणारं सुंदर चित्र.’ हे कुठल्याही चित्राखाली खपेल! काय करू?

उत्तर १: बाई, ‘थोर’ आणि ‘सुंदर’ला बंदी घाला, निम्मं काम झालं. मी चित्रकला शिकवतो, पोरांना आधी भिंतीजवळ नेतो. खाली पांढरा चुना, वर लाल मातीचा थर, तो ओला असतानाच खरवडलेला. म्हणजे पांढरी रेघ रंगवलेली नाही, खालून उघडी पडलीय. एवढं लिहिलं की बघणारा फोटो मोठा करतोच. मग ठिकाण, माध्यम, फोटो कुणाचा. आणि कलाकार ‘अज्ञात’ लिहा, ‘पारंपरिक’ नको. खरवडणारा कुणीतरी माणूसच होता ना!

उत्तर २: गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) घेताय का? त्यांच्या चित्रातली मेरी, म्हणजे येशूची आई, साडी नेसते. ते पहिल्याच ओळीत येऊ दे, जन्मगाव मागाहून.

उत्तर ३: देवस्थान समितीला विचारलंत ना, बाई? आमच्या गावात आत मोबाइल काढू देत नाहीत.