तहानलेल्या माणसाच्या मागणीला ‘बोंब’ म्हणावं का?

धागाकर्ता: पाण्यासाठी मोर्चा निघाला की बातमीचा मथळा ठरलेला: ‘पाण्यासाठी बोंबाबोंब’. मला हे फार खटकतं. बोंब म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. तोंडाने ‘ओ’चा लांब सूर लावायचा आणि उपड्या हाताने तोंडावर थापा मारत तो तोडत न्यायचा, ती बोंब. म्हणून तर ती ‘ठोकतात’. होळीपुढे मारायची ही गोष्ट, एखाद्याच्या नावाने मारली तर शिवीच. ‘चोराच्या उलट्या बोंबा’ बघा, कुठे तरी मान आहे का या शब्दाला? ‘आक्रोश’ लिहा की.

प्रतिसाद १: आरोळीही ठोकतातच, तिला कुठे हात लागतो? आणि शिमगा वर्षातून एकदा. घरात चोर शिरला, गंजीला आग लागली तर माणूस मारतो ती बोंबच, आणि ती ऐकून गाव धावतं. चोराच्या बोंबा ‘उलट्या’ का? सुलट बोंब ज्याचं चोरीला गेलं त्याची असते म्हणून! म्हण त्याच्याच बाजूची आहे. तुमच्या ‘आक्रोशा’ला संस्कृतात शिव्याशाप, निंदा असाही अर्थ आहे.

प्रतिसाद २: मुळात हा शब्द बॉम्बवरूनच आला असणार. दोन्हीत दणका आहे.

प्रतिसाद ३: नाही हो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७च्या आवृत्तीत बोंब आहे, तीही तोंडावर हात मारण्याच्या खुणेसकट. बॉम्बचं मूळ मागे ग्रीक ‘बोंबोस’पर्यंत जातं, म्हणजे घुमणारा आवाज. दोन्हीकडे कानाला जे ऐकू आलं तेच शब्दात उतरलं, उसनवारी मानायची गरज नाही.

धागाकर्ता: ‘आक्रोशा’चा तो अर्थ आज कोणाच्या मनात येतो? मथळा वाचणाऱ्याला ‘बोंबाबोंब’ म्हणजे उगाच केलेला कालवाच वाटतो. एक मात्र मान्य. ‘घरात पैशाची बोंब आहे’ म्हणतो तेव्हा कोणी ओरडत नसतं, पैसाच नसतो. ज्याच्यासाठी ओरडायचं त्याचा अभावच त्या शब्दात येऊन बसला, हे विलक्षण आहे. पण रिकामी कळशी घेऊन उभी असलेली बाई ‘पाण्याची बोंब आहे’ म्हणते ते वेगळं, आणि ‘बायकांची बोंबाबोंब’ असं दुसऱ्याने छापणं वेगळं.

प्रतिसाद १: मग तिचं वाक्य तिच्याच तोंडी छापा. शब्द का गाळायचा?