किकर नुसता लाथ मारतो?

वर कोणीतरी विचारलंय, "अमेरिकन फुटबॉलमधला किकर सामन्यात चार-पाचदा लाथ मारतो आणि बाकडं गाठतो, तो स्पेशल टीम्सचा (म्हणजे लाथेच्या खेळ्यांपुरत्या मैदानात उतरणाऱ्या गटाचा) कोच होऊन शिकवणार काय?" क्रिस बोनिओलचं उदाहरण बघा.

लुइझियाना टेककडून किक मारणाऱ्या या गड्याला १९९४च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ती फेरी) कोणीच विचारलं नाही. डॅलस काउबॉईज या व्यावसायिक संघाने ड्राफ्टबाहेरूनच उचलला. १९९५ला २८ पैकी २७ फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने गोलपोस्टच्या मधून पार! १८ नोव्हेंबर १९९६ला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध काउबॉईज २१-६ जिंकले, टचडाऊन (चेंडू घेऊन शेवटची रेषा गाठणं) एकही नाही. ७ फील्ड गोल, प्रत्येकी ३ गुण. संघाचे सगळे गुण एकट्या बोनिओलचे.

पुढे २०१०ला हाच माणूस काउबॉईजचा किकिंग कोच झाला. मुख्य कोच नव्हे, सहायक, हे मान्य. पण २०११ला डॅन बेली आला, तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, आणि बघता बघता पक्का किकर झाला. सगळं श्रेय कोचला देणार नाही, पोरगा मुळातच तयारीचा होता.

आणि किक एकट्याची नसतेच हो. स्नॅपर पायांमधून सात-आठ यार्ड मागे चेंडू फेकतो, होल्डर गुडघ्यावर बसून तो झेलतो, टेकवतो, शिवणीची दोरी गोलपोस्टकडे फिरवतो, आणि लाथ बसते. हे सगळं साधारण १.३ सेकंदांत. यातलं कुठे काय बिनसलं, ते ज्याच्या पायाने भोगलंय त्याला चटकन दिसतं.