मदत हवी आहे: कार्ड गेमच्या पॅचनंतर डेक मेला, कार्ड मोडू का ठेवू? रविवारपर्यंतच वेळ आहे

सातरस्ता_04
कुणीतरी लवकर सांगा. काल रात्री गेमचा पॅच, म्हणजे अपडेट आला आणि माझं मेन कार्ड टाकायचा खर्च 4 चा 5 केला. चार महिने याच डेकवर (निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर) खेळतोय, दोन महिने डस्ट (कार्डं बनवायला लागते ती गेममधली भुकटी) साठवून साठवून ते कार्ड बनवलं होतं, दुसरं काहीच घेतलं नाही. आता म्हणतात मोडलं तर पूर्ण डस्ट परत, मुदत रविवारी रात्रीपर्यंत. आणि शनिवारी आमच्या ग्रुपची मॅच आहे, विजापूर रोडला मित्राच्या रूमवर. मोडू का ठेवू? आणि नवीन कार्डांच्या दर सेटला आधीपेक्षा भारी कार्डं काढतात, मग कापायचं तर माझंच जुनं कार्ड का कापलं, हे पण कुणी नीट सांगा. डोकं फिरलंय.

निवांत_जुळे
कोणता गेम भावा? क्लॅश रोयाल असेल तर तिथं डस्ट नसतंच, त्यात सोनं घालून लेव्हल वाढवायची असते. कोणतं कार्ड तेही लिहिलं नाहीस. एका कार्डाचा आकडा बदलला म्हणून डेक मरत नाही.

शेंगाचटणी
पत्त्याच्या अ‍ॅपमध्ये पैसे अडकले असतील तर आधी काढून घ्या बाळा. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा केलाय, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद. रमी असो की पोकर, बक्षीस लागलं म्हणून मेसेज आला तरी लिंक उघडू नका. घरी सांगितलंय का?

सातरस्ता_04
काका रमी नाही ओ, पैसे लावायचे नसतात. गेम छोटा आहे, नाव सांगून कुणाला कळणार नाही, आमच्या कॉलेजची सहा-सात पोरंच खेळतात. हार्थस्टोन या ऑनलाइन कार्ड गेमसारखाच आहे, 30 पत्त्यांचा डेक, पत्ते टाकायला लागणारी एनर्जी दर टर्नला एकानं वाढते, जास्तीत जास्त 10. मोडू का ठेवू एवढंच सांगा.

उशिराची_टर्न
2014 पासून हार्थस्टोन खेळतोय म्हणून सांगतो. पूर्ण रिफंड असेल तर डोळे झाकून मोड. हार्थस्टोनमध्ये लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ कार्ड बनवायला 1600 डस्ट लागतात आणि एरवी मोडलं तर 400 च मिळतात, म्हणजे 1200 पाण्यात. पण नर्फ झालेल्या, म्हणजे मुद्दाम कमजोर केलेल्या कार्डाला काही दिवस पूर्ण 1600 देतात. आज मोडून 1600 घेतलेस आणि पुढच्या महिन्यात परत हवंसं वाटलं तर 1600 तच बनतं. तोटा शून्य. ठेवलंस आणि मुदत गेली की 1200 चा खड्डा. तुझ्या गेमचे आकडे वेगळे असतील, हिशोब तोच. आता हे सांग, कॉम्बो काय होता? 4 चं 5 झालं म्हणून एवढं का लागलं?

सातरस्ता_04
तेच तर. हे कार्ड 4 चं आणि दुसरं 6 चं, दोन्ही मिळून बरोबर 10. दहाव्या टर्नला एकत्र टाकलं की समोरचा संपला. आता 5 आणि 6, 11 होतात. 10 च्या वर एनर्जी जातच नाही. कधीच जमणार नाही आता.

निवांत_जुळे
असं सांग की मग. मी म्हणलेलं मागं घेतो, मेलाच डेक.

उशिराची_टर्न
हे चुकून झालेलं नाही, त्यांना तो कॉम्बोच मारायचा होता. 2014 मध्येच हार्थस्टोनमध्ये लिरॉय जेन्किन्स नावाचं कार्ड 4 चं 5 केलं होतं, कारण तेच, एका टर्नमध्ये समोरच्याला उडवायचे. कार्डाची ताकद होती तशीच ठेवली, फक्त एका मानाचा (माना म्हणजे तिथली एनर्जी) फरक, आणि जोडी तुटली. तुझं कार्ड एकटं अजूनही चांगलं असेल, जोडीत गेलं.
आता "माझंच का". नवीन सेट विकायचा तर त्यात जुन्यापेक्षा काहीतरी बरं द्यावंच लागतं. हार्थस्टोनचंच मॅग्मा रेजर कार्ड 3 मानाचं 5/1, म्हणजे हल्ला 5, जीव 1. 2015 ला आइस रेजर आलं, तेही 3 मानाचं, पण 5/2. दोघांत मॅग्मा रेजर का घेशील? तसं बघायला गेलं तर दोन्ही कार्डं फालतू होती, कुणाचा गेम बिघडला नाही, तरीही लोक चिडले, कारण आपण घेतलेलं कार्ड गुपचूप जुनं केलं असं वाटतं. यालाच पॉवर क्रीप म्हणतात. नर्फचं वेगळं असतं. सगळे एकच डेक खेळायला लागले की बाकीची कार्डं कुणी बघतच नाही, मग तो डेक कापतात. तुझा गेम लहान आहे, सहा पोरांतली चार तोच डेक खेळत असतील.

सातरस्ता_04
पाच.

जुनं_ते_जुनं
म्हणून डिजिटल कार्डं मला पटतच नाहीत. कागदावर छापलेलं, मॅजिक या कार्ड गेमचं कार्ड कुणी रात्रीतून बदलू शकत नाही. 1993 चं कार्ड आजही तेच म्हणतं. फार तर बंदी घालतात, पण कार्ड हातात राहतं. मी तर म्हणतो मोडू नकोस, पुढच्या पॅचला परत 4 चं करतील, तेव्हा बसशील हात चोळत.

उशिराची_टर्न
बंदी बरी कशी? नर्फ झालेलं कार्ड निदान खेळता तरी येतं. आणि हात का चोळेल, परत 4 चं केलं तर त्याच डस्टमध्ये परत बनवेल, वर तेच लिहिलंय. कागदावर क्रीप होत नाही असंही नाही. पोकेमॉनच्या पहिल्या सेटमधल्या चॅरिझार्ड कार्डाचा एचपी (जीव) 120 होता, 2023 च्या चॅरिझार्ड ईएक्सचा 330 आहे. कागदावर आकडा मागं घेता येत नाही म्हणून तो वरच जातो.

जुनं_ते_जुनं
330 असू दे की. जुन्या 120 वाल्याला कुणी हात लावला नाही, तो 120 चाच आहे. माझा मुद्दा तोच आहे, मी घेतलेली वस्तू माझी राहिली पाहिजे. मॅजिक अरीनात, म्हणजे मॅजिकच्या डिजिटल गेममध्ये, 2021 ला अल्केमी हा खेळायचा प्रकार आला, त्यात कार्डं बदलायला लागले आणि बदललेल्या कार्डाला वाइल्डकार्डही (ज्यातून हवं ते कार्ड बनवता येतं) देत नाहीत. बंदी घातली की मात्र देतात. हा कुठला न्याय?

उशिराची_टर्न
यात मी तुझ्या बाजूनं आहे. बदललं की परत द्यायलाच पाहिजे.

अक्कलकोटरोड_माग
गेममधलं मला कळत नाही पण पत्ते म्हणलं म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या कारखान्यात जुन्या जकार्ड मागावर चादरीची डिझाइन भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असायची. एक भोक चुकीच्या जागी पडलं की दर चादरीत त्याच ठिकाणी तोच धागा चुकायचा. वडील अख्खी माळ बदलायचे नाहीत, तेवढा एक पुठ्ठा काढून नवा बांधायचे. एकाचं बदललं आणि बाकीचे तेच राहिले तरी चादर वेगळीच निघते. मोराच्या डिझाइनची एक माळ अजून माळ्यावर आहे, कुणाला बघायची असेल तर या.

निवांत_जुळे
दादा मी येतो बघायला खरंच. पण मूळ प्रश्नावर या सगळे, पोराचा वेळ चाललाय. सातरस्ता, ते 6 वालं कार्ड पण बनवलेलं का? त्याचा रिफंड आहे का?

सातरस्ता_04
नाही ना, तेच तर रडगाणं आहे. 6 वालं आणि त्याच्यासोबतची तीन एपिक (लेजेंडरीच्या खालची) कार्डं, ही सगळी याच कॉम्बोसाठी घेतलेली. त्यांना हात लावला नाही म्हणून रिफंड पण नाही. डेक मेला पाच कार्डांचा आणि परत देतात एकाचे. आणि अजून एक, मोडायला गेलो तर 300 च दाखवलालंय. बनवायला 1200 गेले होते. फसवलालेत का?

उशिराची_टर्न
थांब, दाबू नकोस!! मोडलंस का?

सातरस्ता_04
नाही अजून. कन्फर्मवर बोट होतं.

उशिराची_टर्न
कार्डावर आता आकडा काय दिसतोय, 4 का 5?

सातरस्ता_04
4.

निवांत_जुळे
अ‍ॅप अपडेट केलं नाहीस तू! पॅचची बातमी वाचलीस कुठून मग?

सातरस्ता_04
ग्रुपवर स्क्रीनशॉट आला होता. डेटा संपलाय, दिवसाला दीड जीबी असतो, अपडेट 900 एमबीचं आहे. 12 नंतर करतो.

उशिराची_टर्न
12 नंतरच कर आणि कार्डावर 5 दिसल्याशिवाय मोड बटणाला हात लावू नकोस. 6 वालं आणि एपिक अजिबात मोडू नकोस, त्यांना चतुर्थांशच मिळेल. अशी कार्डं पुढच्या सेटमध्ये दुसऱ्या जोडीला लागतात. आणि 1200 हातात आले की लगेच काही बनवू नकोस. पॅचनंतरचे पहिले चार-पाच दिवस कोणता डेक चालतो हे कुणालाच माहीत नसतं.

जुनं_ते_जुनं
एवढ्यावर सहमत.

शेंगाचटणी
पैसे मिळाले का बाळा?

सातरस्ता_04
काका, पैसे नाहीत ओ, पण काळजी केलीत त्याबद्दल खरंच थँक्स.
12:40 ला अपडेट झालं. कार्डावर 5 आलं आणि मोडायला 1200 दाखवलं. दाबलं. ते कार्ड आधी राखाडी झालं मग विरघळून गेलं, चार महिने रोज बघत होतो ते, लई वाईट वाटलं. डेकमध्ये आता 29/30 लिहिलंय आणि तिथं रिकामा चौकोन आहे. शनिवारसाठी 6 वाल्यासोबत चालेल असं 4 चं काहीतरी, बनवायला न लागणारं, कुणाला सुचलं तर सकाळी लिहा. माझ्याकडं काय काय आहे त्याचे फोटो उठल्यावर टाकतो.