आंजर्ल्याच्या घराच्या खिडक्या नेमक्या कोणाच्या?

प्रेषक: आंजर्लेकर, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या चर्चेत हे घुसडत नाही, म्हणून नवा विषय. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या आंजर्ल्याच्या घराची कौलं गेली आणि माडीवरच्या लाकडी खिडक्याही खिळखिळ्या झाल्या. बाबांनी त्या काढून पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, सरकत्या खिडक्या बसवल्या. आता दोन पल्ले हलत नाहीत आणि एकाची मूठ हातात आलीय. बसवणाऱ्याचा फोन लागत नाही. बिल आईने "नीट जपून ठेवलंय", म्हणजे सापडायचं नाही. दापोलीतला दुकानदार एकच विचारतो, कंपनी कुठली?

माझ्या इथल्या घरात अँडरसनच्या खिडक्या आहेत, काचेच्या कोपऱ्यात नाव बारीक कोरलेलं असतं. म्हणून आईला व्हिडिओ कॉलवर तिकडचा कोपरा दाखवायला सांगितला. एका काच कंपनीचं नाव निघालं, खाली "आयएस २५५३". मग खिडकी त्यांचीच ना?

प्रेषक: पालशेतचे काका, टोरांटो

अरे, ती काच त्यांची, खिडकी नव्हे. आयएस २५५३ हा सुरक्षा काचेचा भारतीय मानक क्रमांक; काच टफन, म्हणजे तापवून कणखर, करणाऱ्याचा शिक्का असतो तो. साध्या काचेवर तोही नसतो. तुझ्या अमेरिकेत अख्खी खिडकी एकाच कारखान्यातून येते, आपल्याकडे बहुतेक वेळा तीन-चार घरची वऱ्हाडी मंडळी एका मांडवात असतात. चौकटीची पट्टी, म्हणजे प्रोफाइल, वेका, रेहाऊ, कोमरलिंग अशा कुणाची, काच दुसऱ्याची, रोलर (पल्ला सरकवणारी चाकं) आणि मूठ तिसऱ्याची, आणि कापून, वेल्डिंग करून खिडकी उभी करणारा फॅब्रिकेटर गावचा किंवा जवळच्या शहरातला. फेनेस्टासारखे काही प्रोफाइलपासून खिडकीपर्यंत सगळं स्वतः करतात, पण ते सोड.

चिपळुणात दहा वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगतो. काच सोड, कडा बघ. पल्ला पूर्ण उघडला की एरवी झाकली जाणारी बाजू दिसते. प्रोफाइलवर येताना संरक्षक फिल्म असते, तिच्यावर ब्रँड छापलेला असतो. बसवणारे घाईत ती पुरती काढत नाहीत, मग उन्हाने ती चिकटून बसते. एरवी आम्ही त्यावरून शिव्या खायचो, तुझ्या मात्र कामाला येईल. पल्ल्याच्या कडेला कुलपाची लांब पट्टी असते, तिच्यावर ठसा असतो. मुठीचं झाकण आडवं फिरवलं की दोन स्क्रू दिसतात. मूठ काढून चौकोनी दांडा मोज, बहुधा ७ मिमी निघेल, आणि दोन स्क्रूंमधलं अंतर बहुधा ४३. हे जुळलं तर मूठ कुठल्याही कंपनीची चालेल, नावाची गरजच नाही.

रोलर मात्र हट्टी. पल्ला काढून त्याच्या खालचा जुना रोलर हातात घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये. चाकाचा व्यास, खाच गोल की चपटी, चाक ज्यात बसतं त्या डब्याची उंची-रुंदी बघ. पल्ला वर उचलून खालची बाजू आपल्याकडे ओढायची. आधी वरची अडवणी, म्हणजे पल्ला उचलला जाऊ नये म्हणून लावलेला तुकडा, काढा, नाहीतर तो निघत नाही आणि माणूस चिडतो. आणि आईला एकटीला करू देऊ नकोस, काचेला वजन असतं!

प्रेषक: वेंगुर्ल्याची ताई, लंडन

इथे २००२पासून फेन्सा ही खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना आहे. नोंदणी केलेल्या कारागिराने इंग्लंड-वेल्समध्ये खिडकी बदलली की प्रमाणपत्र मिळतं. पण त्यावर बसवणारा कोण ते कळतं, प्रोफाइल कुणाचं ते नाही, म्हणजे काकांचं म्हणणं इथेही लागू. आमच्या वेंगुर्ल्याच्या घराची गंमत उलटी: मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव ठसठशीत, आणि फणसाच्या खिडक्या करणाऱ्या सुताराची कुठे खूणसुद्धा नाही. तरी गज, बिजागऱ्या आजही सोडत नाहीत. जुन्या फेकल्या नसशील तर कौलारू पडवीत ठेव, नंतर रडशील.

प्रेषक: आंजर्लेकर, न्यू जर्सी

काका, ताई, मनापासून आभार.
शेजारचा दादा आला, आईने विजेरी धरली. फिल्मचा बोटभर तुकडा चौकटीच्या खाचेत सापडला, नाव अर्धंच, पण दुकानदाराने ओळखलं. कुलपाच्या पट्टीवर दुसरंच नाव. मुठीचा दांडा ७, अंतर ४३, काका म्हणाले तसंच!

खरी गंमत रोलरची. एक पल्ला काढला तर रुळात वाळू, सुपारीचा चोथा आणि पाणी वाहून जायची भोकं चिखलाने बुजलेली. धुतल्यावर तो सुरळीत सरकायला लागला, म्हणजे त्याला नवं काहीच नको होतं. दुसऱ्याचा रोलर खाऱ्या हवेने गंजून जाम झालाय, त्याचे फोटो मोजपट्टी धरून काढलेत. चिपळूणहून जोडी येतेय.

बिल अजून सापडलं नाही. वर्गणी उद्या पाठवतो.