सहा रंगीत कड्यांची माळ: डेव्हिड स्पाडाबद्दल कुणी सांगेल का?

रंगरेषा
नमस्कार मंडळी. माझा मामा ८० च्या दशकापासून न्यूयॉर्कला होता, मागच्या वर्षी गेला. त्याच्यासोबत २६ वर्षं संसार केलेल्या त्याच्या जोडीदाराने (आम्ही भाचरं त्यांना काकाच म्हणतो) मला एक छोटी डबी पाठवली. आत बारीक मण्यांची स्टीलची चेन, सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी असते ना तिची असते तसली, आणि तिच्यात ओवलेल्या सहा कड्या. लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी. हातात घेतलं तर वजनच लागत नाही. लाल कडीचा रंग एका बाजूने पार गेलाय आणि खालचा पांढरट धातू दिसतोय.

काका म्हणाले या फ्रीडम रिंग्ज, म्हणजे गे लोकांची ओळखीची खूण, डेव्हिड स्पाडा नावाच्या डिझायनरच्या, मामा ९० च्या दशकात रोज घालायचा. आमच्याकडे यायचा तेव्हा मात्र कधी त्याच्या गळ्यात दिसल्या नाहीत, काढून ठेवून येत असणार, हे आत्ता लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

तर हा स्पाडा कोण? अजून काय काय केलं त्याने? आणि ती लाल कडी परत रंगवून घ्यावी का?

जुनी_छायाचित्रं
रंगरेषा, मामांबद्दल वाचून गलबलून आलं. डबी जपून ठेव.

स्पाडाचं काम तू बहुतेक बघितलेलं आहेस, फक्त नाव माहीत नसेल. गायिका ग्रेस जोन्सचा १९८४ चा तो फोटो आठवतो का, अंगभर पांढऱ्या रेषांची नक्षी असलेला? रंगवलं चित्रकार कीथ हॅरिंगने, फोटो काढला रॉबर्ट मेपलथॉर्पने, चित्रकार अँडी वॉरहॉलच्या ‘इंटरव्ह्यू’ मासिकासाठी, आणि तिच्या अंगावरचा साज, म्हणजे डोक्यावरचं ते उंच मुकुटासारखं आणि तारेची वेटोळी, तो डेव्हिड स्पाडाचा. बाकीची नावं सगळ्यांना पाठ असतात, दागिने करणाऱ्याचं कुणी विचारत नाही, म्हणून तू विचारलंस याचं बरं वाटलं.

आता पुढची वर्षं बघ. वॉरहॉल १९८७ मध्ये गेला. मेपलथॉर्प मार्च १९८९ मध्ये एड्सने, हॅरिंग फेब्रुवारी १९९० मध्ये एड्सनेच, तो तर फक्त ३१ वर्षांचा होता. आणि १९९१ मध्ये स्पाडाने या सहा कड्या आणल्या. एड्सची ती लाल फीत पण त्याच वर्षीची, न्यूयॉर्कमधलीच, व्हिज्युअल एड्स या कलासंस्थेच्या कलाकारांची. मला वाटतं इतके मित्र गेल्यावर त्या शहराला रोज अंगावर बाळगता येईल असं काहीतरी हवं होतं, फोटोसाठी एकदा घालायचं नव्हे.

धातुकाम
रंगवून अजिबात घेऊ नका! या कड्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत आणि रंग वरून लावलेला नाही, अ‍ॅनोडाइझ केलेला आहे. म्हणजे कडी सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून तिच्यातून वीज सोडायची, की धातूच्याच पृष्ठभागाचा ऑक्साइडचा थर होतो आणि त्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्या छिद्रांत रंग मुरवायचा आणि मग उकळत्या पाण्यात ठेवून छिद्रं बंद करायची. त्यामुळे रंगाचे पोपडे निघत नाहीत, घासून घासून थरच झिजला तरच धातू दिसतो. तुमच्या लाल कडीचं तेच झालंय, कुणीतरी वर्षानुवर्षं घातल्याशिवाय असं होत नाही.

साफ करायला कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं, बास. सोडा, लिंबू, चांदीचं पॉलिश यातलं काहीही लावू नका, आम्ल आणि क्षार दोन्ही तो थर खातात. उन्हात ठेवू नका, रंग विटतो.

मधुरा_वाचते
माहिती छान, पण एक मनापासून विचारते. सहा रंग तर समलैंगिकांच्या इंद्रधनुषी झेंड्याचे, गिल्बर्ट बेकरने केलेल्या, १९७८ चे. त्यात मूळचे आठ होते, गडद गुलाबी कापड मिळेना म्हणून तो गेला, मग टर्कॉइज गेला, उरले सहा. कडी काय, साधी गोल कडी. मग स्पाडाने डिझाइन काय केलं? दागिने म्हटलं की मला इटालियन दागिने डिझायनर फुल्को दि व्हर्दुरा आठवतो, तोही गे होता, शानेलसाठी माल्टीज क्रॉसची ती मनगटात घालायची पांढरी कडी केली, १९३९ मध्ये गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या पैशाच्या मदतीने न्यूयॉर्कला दुकान थाटलं. ती कारागिरी वेगळीच.

तेव्हा_तिथेच
मधुराताई, व्हर्दुराचं काम सुंदरच आहे, पण त्यातला एक दागिना घालून रस्त्यावर उतरलं तर मी गे आहे हे कुणाला कळलं असतं?

मी १९९४ मध्ये अटलांटात शिकत होतो. जॉर्जियात तेव्हा पुरुषापुरुषातल्या संबंधांना २० वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये तो कायदा योग्यच ठरवला होता, तेही जॉर्जियाच्याच केसमध्ये. राज्याच्या कोर्टाने तो १९९८ ला मोडला, देशभरात असले कायदे जायला २००३ उजाडलं. अशा दिवसांत मी एका किराणा दुकानाच्या रांगेत उभा होतो, शर्टाचं वरचं बटण उघडं, कड्या थोड्या बाहेर आलेल्या. काउंटरवरच्या मुलाने सामान पिशवीत भरता भरता एकदा गळ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, फक्त स्वतःची बाही दोन इंच वर सरकवली. मनगटावर त्याच सहा कड्या. मी घरी जाऊन रडलो होतो, त्या शहरात मला सात महिने झाले होते आणि कुणी ओळखीचं नव्हतं.

ज्याला माहीत नाही त्याला रंगीत माळ दिसते, ज्याला माहीत आहे त्याला माणूस दिसतो. बटण लावलं की संपलं. आता हे झेंड्याला जमतं का? हे डिझाइन नाही तर काय मग.

जुनी_छायाचित्रं
+१. आणि अ‍ॅल्युमिनियम निवडलं हेही डिझाइनच, सोन्यात केल्या असत्या तर किराणा दुकानातल्या त्या पोराच्या मनगटावर कुठून आल्या असत्या? सुट्ट्या कड्या असल्यामुळे गळ्यात घाला, हातात घाला, किल्ल्यांना लावा. पुढे नाझींनी छळछावण्यांत समलैंगिक पुरुषांना लावायला लावलेल्या गुलाबी त्रिकोणावरून कड्यांच्या जागी रंगीत त्रिकोण असलेली माळपण निघाली. भराभर नकला झाल्या, आणि वस्तू इतकी सगळ्यांची झाली की करणाऱ्याचं नाव गळून पडलं. मला याची खंत वाटते.

मधुरा_वाचते
तेव्हा_तिथेच, तुमचा अनुभव वाचून गप्प झाले. मी फक्त वस्तूकडे बघत होते, घालणाऱ्याकडे बघितलंच नव्हतं. माझं म्हणणं मागे घेते.

रंगरेषा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांना फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. बाहीचा किस्सा दोनदा वाचायला लावला त्यांनी.

लाल कडीचं विचारलं तर म्हणाले मामा फोनवर बोलताना ती अंगठ्याने गोल गोल फिरवायचा, सवयच होती, आणि सगळ्यात जास्त फिरवायचा ते रविवारी, घरी आजीशी बोलताना. म्हणजे आम्ही फोनच्या या टोकाला असायचो तेव्हा त्या कड्या त्याच्या गळ्यात असायच्याच.

साबणाच्या पाण्याने धुवून, पुसून ठेवल्यात, रंगवणार नाही. चेनची जोडणी मात्र फार सैल झालीय, ओढली की सुटते. धातुकाम, त्याच मापाची मण्यांची चेन नवीन घेतली तर चालेल ना, की जुनीच दुरुस्त होते? मला घालायची आहे.