आटपाडी औंध संस्थानात कशी?

माणगंगाकाठ:
माळा आवरताना आजोबांचा चौथीचा दाखला सापडला. गाव आटपाडी, वर छापलंय 'औंध संस्थान'. औंध साताऱ्यात, खटाव तालुक्यात. आटपाडी सांगली जिल्ह्यात. मधे भलताच मुलूख. मग हे एका राजाचं राज्य कसं? आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, "आमच्या राजानं आपणहून राज्य देऊन टाकलं." आजी लगेच, "हो, आन् तुमच्या वाट्याला नमस्कार आले!" ऐंशीनंतरही पहाटे ओसरीवर घोंगडी टाकून ते सूर्यनमस्कार घालायचे आणि आजी चिंचोके सरकवत मोजायची. राज्य देण्यात तथ्य आहे की म्हातारा भाबडा होता?

यमाईपायथा:
भाबडे नव्हते हो. मी औंधचाच, जन्म गेला मास्तरकीत, त्यामुळे थोडं लांबेल.

संस्थान सलग नव्हतंच. गोधडीची ठिगळं उसवून इकडेतिकडे पडावीत तसं. औंधच्या आसपासची गावं, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडे गुणदाळ. मिळून ७२ गावं, माणसं पाऊण लाखाच्या आसपास. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली बेळगाव सोडून आले, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला. तीच किर्लोस्करवाडी.

राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. नमस्कारांचं तर वेडच. संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे होते. आजोबांची सवय तिथलीच.

आता राज्याचं. १९३८ साली बाळासाहेबांनी सत्ता प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं आणि जानेवारी १९३९ मध्ये राज्यघटना लागू झाली. गांधीजींचा सल्ला होता. खटपट केली ती चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरनं. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची, तिच्यावर विधिमंडळ, अशी चढती रचना. तुमच्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरही त्याच काळातलं. कैद्यांना भिंतीशिवाय, बायकामुलांसह शेती करत राहू द्यायचं ही कल्पना. ती वसाहत आजही आहे.

औंधला आलात तर डोंगरावरचं संग्रहालय बघाच. रविवर्मा, धुरंधर आहेतच, पण हेन्री मूरचं दगडातलं आई-मूलही आहे. आमच्या वर्गातली पोरं त्याला 'नाक नसलेली बाई' म्हणायची. मी कधी रागावलो नाही.

कुंडलकर:
मास्तर, छान लिहिलंत. पण राजाचं कौतुक जरा हात राखून करा. सत्ता दिली ती वरून दिली, आणि ८ मार्च १९४८ ला संस्थानच विलीन झालं. दहा वर्षंही पुरी मिळाली नाहीत. आमच्याकडे खरी आठवण निघते ती नाना पाटलांच्या प्रतिसरकारची. कुंडल संस्थानी हद्दीत, चारी बाजूंनी इंग्रजी मुलूख. भूमिगतांना ही ठिगळं चांगलीच उपयोगी पडली.

यमाईपायथा:
मान्य. पण शेजारच्या किती संस्थानिकांनी दहा दिवसांसाठी तरी सोडली असती?

माणगंगाकाठ:
दोघांचेही आभार. आजी अजून आहे, तिला सगळं वाचून दाखवलं. घटनेचं ऐकून म्हणाली, "आसंल बाबा." मग विचारलं, आजोबांचे रोज नमस्कार किती व्हायचे? तर म्हणते, "त्यांच्या मतानं शंभर. मी चिंचोके दोन-दोन सरकवायची. चहा निवायचा ना!"